गावात अन्नछत्र आणि निवारा सुरू करण्यापूर्वी

यवतमाळ जिल्ह्यातील कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात राहणाऱ्या दहा-बारा तरुणांनी मंडळ स्थापन करून असे विचारले आहे की, गावात कुणी उपाशी झोपू नये आणि कुणी उघड्यावर राहू नये यासाठी समाजमंदिरात रोज दुपारी अन्नछत्र चालवावे आणि रात्री तिथेच बेघरांना झोपण्याची जागा द्यावी असा आमचा विचार आहे. वर्गणी थोडी जमली आहे, तर सुरुवात कशी करावी, नोंदणी कोणती लागेल आणि हे काम टिकेल कसे? याच पट्ट्यात अनेक वर्षे हेच काम करीत असल्यामुळे मी सविस्तर उत्तर देत आहे.

माझे पहिले मत असे की आपण अन्नछत्राने सुरुवात करू नये. दीड-दोन हजार वस्तीच्या गावात खऱ्या अर्थाने उपाशी राहणारी घरे मोजकी असतात, आणि जी असतात ती समाजमंदिरात ताट घेऊन येत नाहीत. देवळाच्या महाप्रसादाला सगळा गाव पंगतीत बसतो, कारण तिथे कुणी कुणाचे मिंधे नसते. पण ‘गरिबांचे जेवण’ म्हणून मांडलेल्या पंगतीत ओळखीच्या माणसांसमोर बसणे एकट्या विधवेला किंवा मुलांनी वेगळे काढलेल्या म्हाताऱ्याला मरणाहून अवघड वाटते. परिणामी पहिल्या आठवड्यात गर्दी होते ती शाळेतल्या मुलांची आणि रिकामटेकड्यांची, आणि ज्यांच्यासाठी चूल पेटवली ती माणसे घरातच राहतात. गावातील भूक आपल्याकडे चालत येत नाही, म्हणून तिच्या दारापर्यंत जाणे हे पहिले काम आहे.

त्यासाठी यादी करा, पण ती ग्रामपंचायतीच्या दारिद्र्यरेषेच्या यादीवरून करू नका. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानदाराला विचारा की कुणाचा अंगठा मशीनवर उमटत नाही आणि म्हणून कोण दोन-तीन महिने धान्य न घेता परत जात आहे. अंगणवाडी सेविकेला विचारा की कोणत्या बाळाच्या दंडाचा घेर कमी भरतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलात तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण आहे, आणि अशा मुलाला आपल्या डब्याची नव्हे तर आधी आरोग्य केंद्राची गरज आहे. आशा ताईंना ठाऊक असते की कोणत्या क्षयरोग्याच्या घरात गोळी घ्यायलाही पोटात अन्न नसते. किराणा दुकानदार उधारीची वही दाखवणार नाही, पण कुणाची उधारी बंद केली एवढे तो विश्वासाने सांगतो. गावाबाहेरचा पारधी बेडा, कोलाम आदिवासींची वस्ती म्हणजे पोड, वीटभट्टीवरची झोपडी आणि पालात राहणारी कुटुंबे या यादीत मुद्दाम घ्या, कारण ती बहुधा गावच्या कोणत्याच यादीत नसतात. अशा चौकशीतून आपल्या आकाराच्या गावात साधारण दहा ते तीस घरे निघतील. त्या प्रत्येक घरात स्वतः जाऊन बसावे आणि काल संध्याकाळी चूल पेटली होती का, एवढेच विचारावे.

दुसरी गोष्ट अशी की आपल्या भागातील भुकेला पंचांग आहे. पेरणीत हातचा पैसा संपतो, मग निंदणाची मजुरी सुरू होते. परंतु झड, म्हणजे सततचा पाऊस, लागली की आठ-आठ दिवस शेतात पाऊल टाकता येत नाही आणि रोजंदारीवरचे घर पहिल्या चार दिवसांतच रिते होते. आषाढापासून भाद्रपदापर्यंतचा हा काळ सर्वांत कठीण असतो. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाचा वेचा सुरू झाला की मजुरी मिळते, आणि तेव्हा आपल्या मदतीची गरज पुष्कळच कमी होते. हंगाम आटोपल्यावर कामकरी माणसे बाहेर पडतात: मेळघाटातील कोरकू दिवाळीनंतर जाऊन होळीला परततात, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडील बायामाणसे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. मागे राहतात म्हातारे आणि कधी कधी लहान मुले, आणि भुकेचा दुसरा काळ या मागे राहिलेल्यांचा असतो. म्हणून वर्षभर रोज थोडे थोडे वाटण्यापेक्षा वर्गणीचा मोठा हिस्सा जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

येथे एक गोष्ट शहरातील देणगीदारांना समजावून सांगावी लागते. शेतकऱ्याच्या घरात धान्य असणारच असे ते गृहीत धरतात, परंतु कापूस आणि सोयाबीन खाऊन पोट भरत नाही. ज्वारीचा पेरा घटला तसा आपल्या पट्ट्यातील शेतकरीही ज्वारी-गहू विकत घेऊनच खातो. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून ठरवलेल्या १४ जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून मिळणारे स्वस्त धान्य २०२३ मध्ये बंद झाले आणि त्याऐवजी माणशी दरमहा रोख रक्कम खात्यात जमा करण्याचे ठरले. कर्त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर कोरडवाहू तीन-चार एकर नावावर असलेली विधवा म्हणूनच आपल्या यादीत असू शकते, आणि ‘तिच्याकडे तर वावर आहे’ असे म्हणून तिला वगळणे अन्यायाचे होईल.

आता मुख्य कामाकडे येतो. यादीतल्या बहुतेक घरांना कायद्याने काही ना काही मिळायला हवे असते आणि ते कुठेतरी अडकलेले असते. ते सोडवून देणे हे मंडळाचे खरे काम आहे, आणि तोवर त्या घरातील चूल विझू न देणे हे अन्नदानाचे प्रयोजन आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. एकट्या म्हातारीसाठी या दोन प्रकारांतील फरक फार मोठा आहे, कारण ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम, आणि तेवढ्यात राबणाऱ्या माणसाचा एक वेळचाच निभाव लागतो. उत्पन्नाचे खात्रीचे साधन नसलेली विधवा, अपंग किंवा साठीपुढील व्यक्ती कुटुंबप्रमुख असेल तर ते घर अंत्योदयात बसते, तसेच कोलाम आणि माडिया गोंड ही आदिम जमातींची घरेही बसतात. मात्र अंत्योदयाचा इष्टांक, म्हणजे कार्डांची संख्या, ठरलेला असल्याने मृत व्यक्तींची किंवा स्थलांतरित झालेल्यांची नावे कमी झाल्याशिवाय नवे नाव चढत नाही. गावातील दक्षता समितीची बैठक खरोखर होत आहे का आणि रिकाम्या जागा कळवल्या जात आहेत का, हे पाहणे यासाठी गरजेचे आहे. ज्यांचे ठसे झिजले आहेत त्यांच्या वतीने धान्य उचलण्यासाठी दुसरी व्यक्ती नेमून घेण्याची सोय आहे. जे मिरची तोडायला किंवा भट्टीवर जातात त्यांना आपल्या वाट्याचे धान्य तिथल्या दुकानातून उचलता येते, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा वाटा गावात राहतो. निघण्यापूर्वी त्यांना हे नीट समजावून दिले तर दोन्हीकडचा उपास टळतो.

संजय गांधी निराधार अनुदान आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन या योजनांचे अनुदान २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये झाले. दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात होतात. सर्वांत मोठी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची असते, कारण वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे दिवसाला ५८ रुपयांहूनही कमी. वयाचा पुरावा नसणे, आधार आणि बँक पासबुकावरील नावात फरक असणे, नवऱ्याच्या मृत्यूची नोंदच झालेली नसणे, अशा कारणांनी अर्ज महिनोन्महिने पडून राहतात. आपल्यापैकी दोन जणांनी फक्त हेच काम घ्यावे. तहसीलचा दिवस ठरवावा, प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि त्रुटीचे पत्र आले की त्याच आठवड्यात ती दूर करावी. या कामाला टाळ्या मिळत नाहीत, परंतु सुरू झालेले एक निराधार अनुदान वर्षाला १८,००० रुपये घरात आणते आणि तेवढी मदत आपले मंडळ एका घराला वर्गणीतून कधीच देऊ शकणार नाही.

मंजुरी येईपर्यंतच्या काळात काय द्यावे, याचेही उत्तर घर पाहून ठरते. ज्या घरात रांधणारे हात आहेत तिथे कोरडा शिधा द्यावा, आणि तो तांदूळ-गव्हाचा नसावा, कारण ते कंट्रोलमधून मिळतात. तुरीची डाळ, तेल, शेंगदाणे, गूळ, मीठ-तिखट ही त्या घराची उणीव असते. ज्याला रांधणे शक्य नाही त्याच्यासाठी शेजारणीला विचारावे. तिने आपल्या स्वयंपाकात एका माणसाची भाकर-भाजी वाढवायची आणि मंडळाने तिला महिन्याचा शिधा व थोडा मोबदला द्यायचा, ही पद्धत आम्हाला सर्वांत टिकाऊ वाटली आहे. डबा पोचवायला जाणारी बाईच म्हाताऱ्याला ताप आहे हे सांगते, औषध संपल्याचे सांगते, आणि त्या घरात रोज एक माणूस डोकावतो.

सार्वजनिक स्वयंपाकघराची जागा माझ्या मते गावात नाही. ती तालुक्याच्या ठिकाणी आहे. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात रुग्णासोबत आलेले नातेवाईक, एसटी स्थानकावर राहणारी माणसे आणि कापसाच्या जिनिंग कारखान्यातील बाहेरगावचे मजूर यांना तयार जेवणच लागते. २६ जानेवारी २०२० पासून राज्य शासनाने सुरू केलेली शिवभोजन थाळी १० रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात देते. असे केंद्र आपल्या तालुक्यात सुरू असेल तर वेगळी चूल मांडण्याआधी गरजूंसाठी तिथे पैसे भरण्याचा विचार करावा. स्वतः स्वयंपाक करायचा ठरला तर लक्षात ठेवा की अन्नसुरक्षा कायदा नफ्यासाठी आणि सेवेसाठी चालणाऱ्या स्वयंपाकघरात भेद करीत नाही, नोंदणी दोघांनाही लागते. लग्नाचे उरलेले अन्न घ्यावे का, असे नेहमी विचारले जाते. आपल्याकडे लग्नसराई एप्रिल-मेची असते आणि पारा ४५ अंशांकडे गेलेला असतो. दुपारच्या पंगतीतला वरण-भात संध्याकाळपर्यंत विटतो आणि त्याची बाधा होते ती आधीच अशक्त असलेल्या माणसाला. म्हणून यजमानांना शिजलेल्या अन्नाऐवजी न वापरलेला किराणा मागावा, आणि शिजलेले घ्यायचेच असेल तर ते शिजल्यापासून दोन तासांत पानावर जाईल अशी व्यवस्था असेल तरच घ्यावे.

दानात येणाऱ्या धान्याबाबत एक इशारा विशेषतः भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि नागपूरकडील कार्यकर्त्यांसाठी देतो. धानाच्या बांधीत निघणारी लाखोळी, म्हणजे लाख हे कडधान्य, तिकडे सहज मिळते आणि तिची डाळ दानात येते. इतर अन्नाबरोबर अधूनमधून खाल्ल्याने काही बिघडत नाही. परंतु दुसरे काहीच नसताना महिनोन्महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडू शकतात आणि ते पुन्हा बरे होत नाहीत. उपाशी घराला नेमके हेच घडण्याचा धोका असतो, कारण त्याच्याकडे दुसरे काही नसते. अशा घराच्या शिध्यात लाखोळी देऊ नये, तूर किंवा हरभऱ्याची डाळ द्यावी.

स्वयंपाक कोण करतो आणि कोण कुणाच्या हातचे खातो, हा प्रश्न आपल्या गावांतून गेलेला नाही, आणि मंडळाने त्याकडे डोळेझाक केली तर मदत वस्तीच्या सीमेवर अडते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी आपल्या दशसूत्रीत भुकेलेल्यांना अन्न आणि बेघरांना आसरा यांच्याबरोबर बेकारांना रोजगार आणि दुःखी-निराशांना हिंमतही सांगितली, आणि जातिभेद मोडणे हा त्यांच्या कीर्तनाचा गाभाच होता. आपल्या स्वयंपाकात, शिध्याच्या वाटपात आणि मंडळाच्या कार्यकारिणीत सर्व वस्त्यांतील माणसे पहिल्या दिवसापासून असावीत. नंतर सामावून घेऊ म्हटले की ते होत नाही. मदत घेणाऱ्याचा फोटो काढू नये, कुठल्याही कारणाने काढू नये. देणगीदाराला हिशेब दाखवा, पावत्या दाखवा, रिकामी कोठी आणि भरलेली कोठी दाखवा. शिधा घेतानाचा एखाद्या आईचा चेहरा दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बेघरांचा प्रश्न याहून किचकट आहे, कारण शहरी बेघरांसाठी शासकीय निवारे आहेत, तशी सोय गावासाठी नाही. शिवाय गावचा बेघर रस्त्यावर झोपलेला दिसत नाही. तो कुणाच्या छपरीत, देवळाच्या सभामंडपात, शाळेच्या व्हरांड्यात किंवा पडक्या कुडाच्या घरात ताडपत्री ओढून राहतो. म्हणून समाजमंदिरात रात्रीचा निवारा उघडला तर तो बराच काळ रिकामा राहील. तीच जागा दोन कामांसाठी अत्यंत उपयोगी आहे. पहिले, अतिवृष्टीत ज्यांच्या भिंती बसल्या त्यांना काही दिवस ठेवणे. त्याच दिवशी तलाठ्याला कळवून पंचनामा करवून घ्यावा, कारण सपाट भागात पूर्ण पडलेल्या घरासाठी आपत्ती निवारण निधीतून १.२० लाख रुपयांपर्यंत आणि झोपडीसाठी ८,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे, आणि मलबा उचलून टाकल्यावर पंचनाम्याला काही उरत नाही. दुसरे, आणि याकडे कुणाचे लक्ष जात नाही, घरकुल मंजूर झाल्यावर जुनी झोपडी पाडावी लागते तेव्हा ते कुटुंब राहणार कुठे? बांधकाम रखडून मृग लागला तर मंजूर घरकुलाचा मालकच पावसात उघडा पडतो.

घरकुलाचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी मूळ अनुदान १.२० लाख रुपयांचे आहे, पहिला हप्ता साधारण १५,००० रुपयांचा असतो, आणि जोते बांधून त्याचा फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता पडत नाही. ज्याच्याकडे स्वतःचे काहीच नाही तो नेमका याच ठिकाणी अडतो, व्याजाने पैसे काढतो किंवा काम सोडून देतो. मंडळाने कुणाला घर बांधून देऊ नये, तेवढी आपली ताकद नाही. परंतु विटा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी यांसाठी बिनव्याजी फिरता निधी ठेवावा आणि हप्ता जमा झाला की तो परत घ्यावा. घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत रेती मोफत देण्याचे राज्याचे धोरण आहे, तिचा पास वेळेवर मिळवून देणे हेही त्याच कामात येते. कोलामांसारख्या आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या जनमन अभियानात घरकुलाची रक्कम २ लाख रुपये आहे, तेव्हा पोडावरची नावे तिथे तपासावीत. अनुसूचित जातींसाठी रमाई आणि जमातींसाठी शबरी या योजना आहेत.

तरीही काही नावे कुठेच बसणार नाहीत, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा घराखालची जमीन हे असते. घर नाही म्हणणाऱ्याला प्रथम जागेचा नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीतील घर-जागेच्या नोंदीचा उतारा, विचारा. तो नसेल तर झोपडी कोणत्या जमिनीवर उभी आहे ते सातबाऱ्यावर पाहा. गावठाणातील किंवा अन्य शासकीय जमिनीवरील १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग राज्याने २०१८ मध्ये खुला केला, आणि त्यासाठी जुनी घरपट्टीची पावती किंवा विजेचे बिल हा मोलाचा कागद ठरतो. आपल्याकडील ई-वर्ग जमीन, म्हणजे गुरचरण, मात्र सहजासहजी मोकळी होत नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद निघाली तर अधिक सावध व्हावे, कारण सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात या जमिनी वनच ठरवल्या आहेत आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी केंद्राच्या मंजुरीचा वेगळा मार्ग सांगितला आहे. अशा जमिनीवर देणगीतून टिना आणि विटा देऊन पक्के घर उभे करणे म्हणजे त्या कुटुंबाला नोटीस मिळण्याची तयारी करून देणे होय. तिथे आधी तारखेचा पुरावा गोळा करावा. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फूट जागा विकत घेण्यास आता १ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, आणि गावात चार-पाच जागा विकायला तयार असणारा भला माणूस शोधणे हे काम मंडळाइतके चांगले कुणीच करू शकत नाही.

भटकत आलेल्या मनोरुग्णाला समाजमंदिरात डांबून ठेवू नये. पोलिसांना कळवावे. त्याला तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात नेणे हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांचे कर्तव्य ठरवले आहे, आणि आपण सोबत जावे. एकटे सापडलेले मूल एक रात्रही स्वतःकडे न ठेवता १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर कळवावे. बाल न्याय कायद्याखालील नोंदणीशिवाय मुलांना ठेवणे हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

नोंदणीबाबत थोडक्यात सांगतो. जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी करावी. ती होईपर्यंत वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क ची परवानगी घ्यावी, गणेश मंडळे घेतात तीच. खाते तिघांच्या नावाने, सह्या दोघांच्या असाव्यात. २,००० रुपयांवरील रोख देणगीवर दात्याला आयकर सवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम खात्यातूनच घ्यावी. वर्षाचा हिशेब ग्रामसभेत आकड्यांसह वाचावा, मात्र मदत घेणाऱ्यांची नावे वाचू नयेत.

काम टिकेल कसे, याचे उत्तर यादीतच आहे. दर तीन महिन्यांनी ती पुन्हा पाहावी. ज्यांचे धान्य आणि अनुदान सुरू झाले त्यांचा शिधा त्यांना आधी सांगून थांबवावा, म्हणजे तो नव्या घराला देता येतो. तरीही आठ-दहा माणसे अशी उरतील की ज्यांचा कागद कधीच जुळणार नाही, आणि ज्यांचे कुणी नाही. ती आयुष्यभर आपली आहेत असे धरून चालावे आणि त्यांच्या पुढच्या बारा महिन्यांची डाळ, तेल आणि शेजारणीचा मोबदला तुरीचा हंगाम हाती आला की सर्वांत आधी बाजूला काढून ठेवावा, मग उरलेल्या रकमेत बाकीची कामे बसवावीत.